टाकीतलं तेल

मिस्त्रीने टाकीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं आणि बाहेर काढून अंगठ्यावर घासलं. बोट नुसतं ओलं व्हायला हवं होतं, ते बुळबुळीत झालं. इंजिन थंड ठेवणारं पाणी जिथे भरतात ती ही प्लॅस्टिकची टाकी त्याने दोन आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हाताने घासून काचेसारखी लख्ख केली होती. आज तिच्या काठाला तपकिरी साय धरली होती आणि मधल्या हिरव्या पाण्यावर तेलाचे गोल डोळे तरंगत होते.

त्याने बोट नाकाशी नेलं. मग ड्रायव्हरकडे पाहिलं.

ड्रायव्हर टाकीकडे बघतच नव्हता. भिंतीवर ओळीने टांगलेले पाने तो एकेक करून न्याहाळत होता, जणू त्यातला एखादा विकत घ्यायचा होता.

"काका, झाकण उघडलं होतं का मध्ये?"

"नाही बुवा. तुम्हीच म्हणाला होतात, हात लावू नका. गरमीचा काटा वर चढायला लागला तशी बाजूला घेतली. टाकी बाहेरूनच मळकट दिसली." थोडं थांबून ड्रायव्हरने विचारलं, "किती दिवस लागतील?"

तो प्रश्न मिस्त्रीला खटकला. गाडीला झालंय तरी काय, हे ज्याने आधी विचारायचं तो दिवस विचारतो?

गाडी डायलिसिस सेंटरची होती. मूत्रपिंडांनी हात टेकलेल्या आठ माणसांना आठवड्यातून तीनदा घरून उचलायचं, सेंटरवर पोचवायचं आणि चार तासांनी, पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखी झालेली ती माणसं पुन्हा ज्याच्या त्याच्या दारात सोडायची, एवढंच तिचं काम. त्या आठांत मिस्त्रीची थोरली बहीणही होती. नवरा गेल्यापासून ताई त्याच्याकडेच राहत होती. मिस्त्रीने लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे घरात दोघंच.

ड्रायव्हर साठीला टेकलेला. प्रत्येक खड्ड्याची परवानगी काढून मगच त्यात चाक घालणारा. पेशंट त्याला कासवकाका म्हणत आणि तो त्या हाकेला ओ देई. मागून कोणी हॉर्न वाजवलाच तर खिडकीतून हात काढून म्हणे, "जा बाबा तू पुढे. आमच्याकडे काचसामान आहे."

दोन आठवड्यांपूर्वी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा सगळं सरळ होतं. इंजिनाच्या पोटात एक छोटी जाळीची डबी असते. तिच्यात एका अंगाने गरम तेल जातं, दुसऱ्या अंगाने पाणी, आणि मध्ये पातळ पत्र्याची भिंत. तिला ऑइल कूलर म्हणतात. ती भिंत फुटली होती, म्हणून तेल पाण्यात शिरलं. तेल मोजायच्या पट्टीवरही ते चांगलं दोन बोटं खाली गेलेलं दिसत होतं. मिस्त्रीने नवा कूलर बसवला, तेलाने फुगून मऊ पडलेले रबरी पाइप बदलले, आणि मग धुवायला बसला. त्या कामात त्याचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. कमी फेसाची पावडर गरम पाण्यात विरघळवून भरायची, इंजिन चालू ठेवायचं, पाणी खेळू द्यायचं, गरम झालं की पिंपात सोडायचं, पुन्हा भरायचं. असं पाच वेळा. शेवटच्या पाण्यात त्याने पांढरं फडकं बुडवून पिळलं होतं आणि ते जसंच्या तसं पांढरं निघालं होतं.

मग आता हे तेल आलं कुठून?

कासवकाकाला त्याने बाकावर बसायला सांगितलं आणि तेलाची पट्टी उपसली. मागच्या वेळी तेल भरल्यावर त्याने पट्टीवर खिळ्याने बारीक ओरखडा काढून ठेवला होता. तेल बरोबर त्या ओरखड्यावर होतं. केसभरही खाली नाही. त्याने पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा उपसली. तेवढंच.

दुपारपर्यंत त्याने नवा कूलर खोलून काढला, पाण्याच्या टबात बुडवला, त्यात हवा भरली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसला. एकही बुडबुडा आला नाही. इंजिनाच्या माथ्यापाशी तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट तपासलं, तेही ठणठणीत. इंजिनातलं तेल इंजिनातच होतं आणि पाण्यात मात्र तेल होतं. म्हणजे ते बाहेरून आलं होतं. बाहेरून तेल आपल्या पायांनी चालत येत नाही.

मनात पाल चुकचुकली की माणूस आधी आठवणी उकरतो. मिस्त्रीलाही आठवलं. मागच्या खेपेला गाडी तीन दिवस गॅरेजात होती, तेव्हा कासवकाका बाळंतीण लेकीला बघायला तिच्या गावी जाऊन आला होता. रजा मागितली होती, मिळाली नव्हती, आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी बसली. हे त्याने मिस्त्रीला स्वतःच हसत हसत सांगितलं होतं. "बघा, देवाने रजा दिली." तेव्हा मिस्त्रीही हसला होता.

"लेक कशी आहे?" हात पुसत मिस्त्रीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बरी आहे. बोलावतेय पुन्हा. नातवाने म्हणे मान धरली."

"मग जाणार असाल."

"रजा कुठे आहे?" कासवकाका म्हणाला. "बघू."

ते 'बघू' मिस्त्रीच्या कानात अडकून राहिलं. कासवकाका पाणी प्यायला बाहेर गेला, तेव्हा त्याने ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. आपण चोरासारखं बघतोय असं त्याला वाटलं, पण हात थांबला नाही. हाताला एक डबा लागला. तेलाचा. अर्धा रिकामा. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नरसाळं, तेही तेलकट.

"काका, हे काय?"

दारातून आत येणारा कासवकाका जागीच थांबला. चेहरा उतरला, की मिस्त्रीला तसा दिसला, कोण जाणे.

"तेल आहे."

"ते दिसतंय. कशाला?"

"रॅम्पच्या बिजागऱ्यांना. चाकाची खुर्ची चढवताना तो पत्रा किंचाळतो. डोकी उठतात हो पेशंटची."

"बिजागरीला थेंब पुरतो. अर्धा डबा संपला?"

कासवकाका त्याच्याकडे बघत राहिला. आपल्याला काय विचारलं जातंय हे त्याला तेव्हा कळलं असावं. तो हळूच म्हणाला, "मला तो अर्धाच मिळाला होता, मिस्त्री." एवढं बोलून त्याने टोपी उचलली आणि गेला.

निर्दोष माणूस भांडला असता, असं मिस्त्रीला वाटलं. हा गेला कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. बाई कडक, पण सरळ. आडपडदा ठेवून बोलणं त्यांना जमत नसे.

"मिस्त्री, तुम्ही नीट केलेली गाडी दोन आठवड्यांत पुन्हा बसते म्हणजे दोनच गोष्टी. एक तर तुमचं काम कच्चं, नाहीतर कोणीतरी हात घातलाय. कुठली?"

बाईंनी प्रश्न असा मांडला की मिस्त्रीला उत्तर शोधावंच लागलं नाही. बावीस वर्षांत त्याचं काम कच्चं होतं असं कोणी म्हटलं नव्हतं.

"काम पक्कं आहे, मॅडम."

"मग लिहून द्या. मागच्या वेळी रजा नाकारली आणि गाडी बसली, तेव्हापासूनच आमच्या ड्रायव्हरबद्दल मला शंका आहे. उद्या अकराला त्याला समोर बसवून विचारणार आहोत. पेशंटच्या जिवाशी खेळ करणारा माणूस मी एक दिवस ठेवणार नाही. या वयात त्याला दुसरं कोणी कामावर ठेवायचंही नाही, पण त्याला माझा इलाज नाही."

मिस्त्रीने गॅरेजच्या छापील कागदावर लिहिलं: 'इंजिन व कूलर तपासले. गळती नाही. इंजिनातील तेल कमी झालेले नाही. पाण्यातील तेल बाहेरून टाकल्याशिवाय येणे शक्य नाही.' त्याने कोणाचं नाव घातलं नाही. तेवढ्याने आपण कोणावर आळ घेतला नाही असं त्याने मनाला समजावलं. सेंटरचा शिपाई कागद घेऊन गेला.

संध्याकाळी ताई घरी आली ती कमरेला हात लावूनच. गाडी बंद असल्याने सेंटरने भाड्याची जीप लावली होती.

"अरे, तो जीपवाला माणसं नेतो की बटाटे?" पलंगावर टेकत ती म्हणाली. "प्रत्येक खड्ड्यात माझा एकेक मणका मोजून घेतला त्याने. आमचा कासव कधी येणार?"

"तो नाही येणार बहुतेक."

"का? आजारी आहे?"

मिस्त्रीने सांगितलं. डबा, नरसाळं, रजा, लेकीचं बोलावणं. सांगताना सगळं एकात एक इतकं छान बसत गेलं की त्याचं त्यालाच पटत गेलं. ताईचे हात मांडीवर स्थिर होते. रोज या वेळी ती जपाला बसायची. माळ उशाशी होती, पण तिने ती उचलली नाही.

"तू त्याला तेल ओतताना बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? पट्टीवर तेल कमी नाही. मग आलं कुठून?"

"ते मला काय विचारतोस? मिस्त्री तू." ताईने पदर सारखा केला. "मला एवढंच ठाऊक आहे की उतरताना मला चक्कर आली तर तो माणूस माझी पिशवी आधी खाली ठेवतो आणि मग हात देतो. पिशवी काचेची असल्यासारखी ठेवतो. तो गाडीत तेल ओतेल?"

"चांगला माणूस चुकत नाही का, ताई?"

"चुकतो की. पण कुठला चांगला माणूस चुकलाय, ते आधी शोधायला हवं."

तिला उठवत नव्हतं म्हणून त्याने गरम पाण्याची पिशवी भरून आणली आणि तिच्या पाठीशी लावली. ताईने डोळे मिटले.

"हां. असं ऊन ऊन लागायचं बघ पाठीला. चार दिवस किती सुख होतं. थंडी पडायला लागल्यापासून काकाने मागचा हीटर लावायला सुरुवात केली होती. म्हणाला, उन्हाळाभर बंदच होता, चालतो की नाही बघू. आमच्या सीटखालून अशी ऊब यायची. डायलिसिसनंतर हाडांत बर्फ भरल्यासारखं होतं रे आम्हाला."

"चांगलं," मिस्त्री म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथे पाण्याचा नळ सोडून तो तसाच उभा राहिला.

मागचा हीटर.

लांबलचक गाडीत मागच्या माणसांसाठी वेगळा हीटर असतो. इंजिनाचं गरम पाणीच दोन लांब पाइपांतून मागे जातं, सीटखालच्या जाळीतून फिरतं आणि परत येतं. ते पाइप एकदा रिकामे झाले की त्यांत हवा अडकते आणि ती काढता काढता अर्धा दिवस मोडतो. म्हणून मिस्त्रीच्या गॅरेजात एक रीत होती. पाणी सोडायच्या आधी मागे जाणारे दोन्ही पाइप चिमट्याने दाबून टाकायचे. मागचं पाणी मागेच राहतं, हवा शिरत नाही. ही युक्ती त्याची स्वतःची होती आणि दुसऱ्या गॅरेजवाल्यांना तो ती कौतुकाने सांगत असे.

त्याने नळ बंद केला. काम झाल्यावर चिमटे काढल्याचं त्याला आठवत होतं. नक्की काढले होते. पण कधी? धुण्याच्या आधी की नंतर?

आठवेना. किंवा आठवत होतं आणि ते त्याला बघायचं नव्हतं.

उजाडताच तो गाडीखाली शिरला. मागे जाणारा पाइप एका बाजूने मोकळा केला आणि खाली बादली धरली. आधी काहीच आलं नाही. त्याला क्षणभर हायसं वाटलं. मग पाइपाने एक उचकी दिली आणि काळपट चॉकलेटी गाळ बादलीत पडायला लागला. जाड, गुठळ्यांचा. पडतच राहिला. त्याने दुसरा पाइप सोडला, त्यातूनही तेच. अर्धी बादली भरली.

हे जुनं तेल होतं. जुना कूलर फुटला तेव्हा दाबाने हीटरच्या बंद कळीच्या फटीतूनही मागे ढकललं गेलेलं, चिमट्यांच्या पलीकडे सुरक्षित राहिलेलं. त्याने पाच पाण्यांनी पुढचं सगळं लख्ख केलं आणि घाण मागे जपून ठेवली. हीटर बंद होता तोवर ती गुपचूप बसली. काकाने पेशंटना थंडी वाजते म्हणून कळ फिरवली आणि ती बाहेर आली.

मिस्त्री उठला आणि कासवकाकाचा डबा घेऊन आला. त्यातलं तेल त्याने पांढऱ्या बशीत ओतलं. ते पातळ, पिवळंधमक, मधासारखं पारदर्शक होतं. बादलीतला गाळ काळा. लहान पोरालाही फरक दिसला असता. परवा हा डबा त्याच्या हातात होता, टाकीतलं तेल त्याच्या बोटावर होतं, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून बघावं असं त्याला सुचलं नव्हतं. तेलाचा वास घेतला, कासवकाकाचा चेहरा वाचला, त्याच्या लेकीचं बाळंतपणसुद्धा तपासलं, आणि तेल तेवढं बघायचं राहिलं.

घड्याळात साडेआठ वाजले होते.

गॅरेजात अजून कोणी आलेलं नव्हतं. बादली पिंपात रिकामी करायला एक मिनिट पुरलं असतं. मागचा हीटर आता धुवायचा, गाडी स्वच्छ करून द्यायची, पुन्हा तेल येणार नाही आणि पुन्हा कोणी विचारणार नाही. काका तसाही निवृत्तीला आलेला. कागदावर आपण नाव तर लिहिलेलं नाही. हे सगळे विचार मिस्त्रीच्या मनात आले, एकामागून एक, शहाण्या माणसांसारखे. त्यातल्या एकालाही त्याने हाकललं नाही. सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग गाळ एका बरणीत भरला, झाकण घट्ट लावलं, हात धुतले आणि सेंटरची वाट धरली.

सेंटरच्या व्हरांड्यात कासवकाका बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी. मिस्त्रीला बघून तो बाकावर थोडा सरकला, जागा द्यावी तसा. मग कशासाठी आलाय ते ध्यानात येऊन पुन्हा जागेवर आला.

"या," तो म्हणाला. "साक्षीदारालाही बोलावलंय वाटतं."

"काका, तेल तुम्ही टाकलं नाही."

"ते मला माहीत आहे."

तेवढ्यात आतून हाक आली.

मॅनेजरबाईंच्या टेबलावर त्याचा कागद होता. मिस्त्रीने शेजारी बरणी ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. चिमटे, मागचा हीटर, जुनं तेल. मध्ये बाईंनी एकदा विचारलं, "म्हणजे चूक यंत्राची?"

"नाही मॅडम. माझी. यंत्राने काय करायचं होतं?"

"आणि हा कागद?"

"तो चुकीचा आहे. दुसरा लिहून आणलाय."

बाईंनी दुसरा कागद दोनदा वाचला. त्यात मिस्त्रीने या वेळी नाव घातलं होतं. 'ड्रायव्हरचा यात काहीही दोष नाही. धुलाई माझ्याकडून अपुरी झाली.' बाईंनी जुना कागद फाडला नाही. नव्याला टाचणी लावून दोन्ही एकत्र ठेवले.

"काका, तुम्ही उद्यापासून गाडीवर," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यावर शंका घेतली, ते माझंही चुकलं." मग मिस्त्रीकडे वळून, "आमच्या बाकीच्या दोन गाड्या तुमच्याकडे द्यायच्या की नाही, ते मला बघावं लागेल."

"बघा," मिस्त्री म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

बाहेर आल्यावर दोघं फाटकापर्यंत चालत गेले. कासवकाका नेहमीसारखाच सावकाश चालत होता आणि मिस्त्रीला आज त्याच्या पुढे जाता येत नव्हतं.

"तुम्ही किती दिवस लागतील असं का विचारलं होतं?" शेवटी मिस्त्रीने विचारलं.

"सेंटरने जीप लावली तर कुठली लावणार, ते मला ठाऊक होतं म्हणून. तो पोरगा तुमच्या ताईंना कसा नेईल याची धास्ती होती." कासवकाकाने टोपी डोक्यावर चढवली. "तुम्ही मला तेव्हाच विचारलं असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं."

"चुकलो, काका."

कासवकाकाने मान हलवली. ती 'असू दे' अशी होती की 'खरंच चुकलात' अशी, ते मिस्त्रीला ओळखता आलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

"धुणार कधी?" काकाने विचारलं.

"आत्ता जाऊन लगेच."

"मग मीही येतो."

"तुम्ही कशाला त्रास घेता? घरी जा. मी नीट करतो."

"मागच्या वेळीही नीटच केलं होतं," कासवकाका शांतपणे म्हणाला.

गॅरेजात आल्यावर काकाने खुर्ची ओढून थेट गाडीच्या मागच्या दाराशी मांडली. मिस्त्री पाइप जोडत होता तेव्हा वाकून बघितलं. दोन्ही चिमटे काकाने स्वतः उचलून आपल्या खिशात टाकले. हीटरची कळ पूर्ण उघडी आहे ना, ते स्वतः फिरवून पाहिलं. पहिलं पाणी चहासारखं निघालं, दुसरं पिवळट, तिसऱ्यावर तेलाची एक बारीक चकती होती. चौथं साफ. पाचवंही साफ. मिस्त्रीने कमरेवर हात ठेवून सरळ होत घाम पुसला.

"झालं, काका. आता यात काही राहिलं नाही."

कासवकाकाने पिंपात डोकावून पाहिलं. मग मिस्त्रीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"अजून एकदा," तो म्हणाला.

पाणी साफ होतं हे मिस्त्रीला माहीत होतं. बहुधा काकालाही माहीत होतं. मिस्त्रीने पाण्याची नळी उचलली आणि टाकी पुन्हा भरायला घेतली.